वायुस्तंभाचे अनुस्पंदन

नळीतल्या हवेच्या स्तंभाला स्वतःच्या ठरावीक वारंवारता असतात. बाहेरच्या ध्वनीची वारंवारता त्यांपैकी एखादीशी जुळली की आवाज एकदम मोठा होतो, हेच अनुस्पंदन. या वारंवारता काढायला नळीची लांबी, ध्वनीचा वेग आणि टोके उघडी की बंद, एवढी माहिती लागते.

येणाऱ्या आणि टोकावरून परतणाऱ्या तरंगांच्या मिलाफातून नळीत स्थिर तरंग तयार होतो. बंद टोकाशी हवेला हलायला वाव नसतो, तिथे निस्पंद. उघड्या टोकाशी ती सर्वांत जास्त हलते, तिथे प्रस्पंद. लगतच्या निस्पंद-प्रस्पंदांत पाव तरंगलांबीचे अंतर असते आणि सगळे गणित त्यावरूनच निघते. ध्वनीच्या वेगाला लांबीच्या चौपटीने भागले की एका टोकाशी बंद नळीची मूळ वारंवारता मिळते, दुपटीने भागले की दोन्ही टोकांशी उघड्या नळीची. वेग ३४६ मी./से. धरला तर ५० सेंमी. लांबीच्या बंद नळीत १७३ हर्ट्‌झ, उघडीत ३४६. म्हणजे बरोबर एका सप्तकाचा फरक. उघड्या नळीत मूळ वारंवारतेच्या २, ३, ४ अशा सर्व पटी मिळतात, बंद नळीत फक्त ३, ५, ७ अशा विषम.

बासरीचे फुंकीचे छिद्र उघडे असल्याने ती उघडी नळी ठरते. जोरात फुंकले की तोच स्वर वरच्या सप्तकात लागतो. क्लॅरिनेटचे पत्तीकडचे (फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातळ पट्टीकडचे) टोक बंद असल्यासारखे वागते, म्हणून तिथे षड्जावरून उडी थेट तार सप्तकातल्या पंचमावर जाते. मात्र पत्ती दिसली की बंद नळीचा नियम लावणे चूक. सनईलाही पत्ती असते, पण तिची नळी शंकूच्या आकाराची असल्याने तिच्यात सम पटीही येतात.

सूत्रातली लांबी म्हणजे पट्टीने मोजलेली लांबी नव्हे, हे विद्यार्थ्यांकडून हमखास निसटते. उघड्या टोकाचा प्रस्पंद काठाच्या किंचित बाहेर, अंतर्व्यासाच्या सुमारे ०.३ पट अंतरावर असतो. बंद नळीत ही भर एकदा घालायची, उघडीत दोनदा. समजा, ४ सेंमी. व्यासाच्या नळीत पाण्याची पातळी हळूहळू खाली नेत आहोत आणि तोंडाशी ५१२ हर्ट्‌झचा नादकाटा धरला आहे. हवेचा स्तंभ १५.७ सेंमी. झाला की आवाज घुमतो, पुन्हा ४९.५ सेंमी.ला घुमतो. फक्त पहिल्या वाचनाची चौपट करून वेग काढला तर तो साधारण ३२२ मी./से. येतो, सात टक्के कमी. दोन वाचनांची वजाबाकी घेतली की काठाबाहेरची भर आपोआप उडते: ३३.८ सेंमी. ही अर्धी तरंगलांबी, म्हणून वेग ३४६. या प्रयोगाचे खरे कौशल्य त्या वजाबाकीत आहे.

हा वेग २५° से. तापमानाचा. तापमान एका अंशाने वाढले की वेग सुमारे ०.६ मी./से. वाढतो. हवा २० वरून ३० अंशांवर गेली तर बासरीचा स्वर पावणेदोन टक्क्यांच्या आसपास चढतो. त्याच्या तुलनेत बांबूचे प्रसरण नगण्य असते.