लायब्ररीतल्या जुन्या आवृत्ती-खुणा: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पुढच्या आवृत्तीपासून आपल्या यंत्रातल्या सी लायब्ररीच्या (सगळे प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडच्या संग्रहाच्या) सोर्स फाइलींमधून, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मूळ मजकुरातून, जुन्या आवृत्ती-खुणा आम्ही काढून टाकत आहोत. वेर्णे आणि कुंडईच्या काही ग्राहकांनी विचारले, "फाइली बदलल्या तर चेकसम बदलणार. मग यंत्र पूर्वीसारखेच चालेल कशावरून?" (चेकसम म्हणजे फाइलीच्या आशयावरून काढलेला पडताळणीचा आकडा.) प्रश्न रास्त आहे, म्हणून हे पत्रक.

या खुणा कसल्या?

आपली प्रणाली फ्रीबीएसडी या खुल्या कार्यप्रणालीवर उभी आहे आणि तिच्या लायब्ररीतला बराच कोड बर्कली विद्यापीठातून चालत आलेला आहे. गोव्यातल्या जुन्या घराच्या दारावर जनगणनेवाल्यांचा, मलेरियावाल्यांचा आणि पंचायतीचा असे वेगवेगळे आकडे रंगवलेले असतात, तशा या फाइलींच्या माथ्यावर पिढ्यापिढ्यांच्या खुणा दिसतात. सर्वांत जुनी '@(#)' ने सुरू होते. ती १९७२ साली बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी सुरू केलेल्या एससीसीएसची, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीची. मजकुराची लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेन या फंक्शनच्या बर्कलीतल्या मूळ फाइलीत तिच्यापुढे ८.१ हा क्रमांक आणि ६/४/९३ ही तारीख आहे. तारीख अमेरिकी पद्धतीची, म्हणजे ४ जून. ६ एप्रिल नव्हे. पुढे आरसीएस, सीव्हीएस आणि सबव्हर्जन या तशाच प्रणाली आल्या. त्यांची खूण दोन डॉलर-चिन्हांमधली. फाइल घेताना तिथे नाव, क्रमांक, तारीख आणि बदल करणाऱ्याचे नाव आपोआप भरले जाई.

त्या काळी याचा मोठा उपयोग होता. सोर्स हाताशी नसला तरी तयार लायब्ररीवर 'व्हॉट' किंवा 'आयडेंट' ही आज्ञा चालवली की आत कुठल्या फाइलीची कुठली आवृत्ती आहे ते कळे.

मग काढायच्या कशाला?

फ्रीबीएसडीचा सोर्स डिसेंबर २०२० मध्ये गिट या नव्या नोंद-प्रणालीवर आला. गिटमध्ये प्रत्येक बदलाची ओळख आशयावरूनच काढलेली असते. ती ओळख फाइलीत लिहायला जावे तर आशय बदलतो आणि ओळखही. त्यामुळे डॉलरमधली जागा रिकामीच राहते. ऑगस्ट २०२३ मध्ये मूळ प्रकल्पानेही आपल्या डॉलर-खुणा काढल्या. आम्ही आमच्या शाखेत त्या ठेवल्या असत्या, तर सुरक्षा-दुरुस्ती आणताना फाइलींचे माथे जुळले नसते आणि पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, बसवताना अडला असता. शिवाय आमच्या मते चुकीची खूण ही खूण नसण्यापेक्षा वाईट. १९९३ ची तारीख मिरवणाऱ्या फाइलीत त्यानंतर किती बदल झाले, हे ती तारीख सांगत नाही.

यंत्र वेगवान होईल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. तयार लायब्ररीत डॉलर-खुणा टिपणांच्या विभागात जात; तो विभाग चालताना मेमरीत घेतलाच जात नाही.

वागणूक बदलली नाही, हे कसे पाहतो?

इथे थोडी मेख आहे. दोन ओळी काढल्या की खालच्या सगळ्या ओळींचे क्रमांक सरकतात. 'असर्ट'सारख्या (चालताना काही चुकले तर थांबवणाऱ्या) तपासण्या ओळीचा क्रमांक कोडमध्येच लिहून ठेवतात, त्यामुळे तर्क तोच असूनही तयार फाइल वेगळी निघते. म्हणून काम दोन टप्प्यांत करतो. आधी खुणेच्या जागी रिकामी ओळ ठेवून लायब्ररी बांधतो आणि जुन्या लायब्ररीतल्या यंत्र-सूचना व विदा (डेटा) यांच्याशी ताडून पाहतो. खुणेच्या मजकुराखेरीज कुठेही फरक पडता कामा नये. मगच रिकाम्या ओळी काढतो. त्यानंतर उरणारा फरक फक्त ओळक्रमांकांचा असतो.

खुणेसाठी जोडलेली 'सिस/सीडेफ्स.एच' ही हेडर फाइल (इतर फाइलींत जोडायची सामायिक फाइल) मात्र सरसकट उडवत नाही. तिच्यातले इतर मॅक्रो (कोडची लघुरूपे) ती जोडणाऱ्या फाइलीतच खाली वापरलेले असू शकतात.

काय काढणार नाही?

कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर. बीएसडी परवान्याची ती अटच आहे. एसपीडीएक्सची ओळही (परवान्याचे नाव ठरावीक लघुरूपात सांगणारी) परवान्याचीच, ती राहील. नेटबीएसडी किंवा ओपनबीएसडी या भावंड प्रणालींकडून घेतलेल्या फाइलींवरच्या त्यांच्या खुणांनाही हात लावत नाही. तिकडची नवी दुरुस्ती आणताना आपण मागे कुठून घेतले होते ते त्याच खुणेवरून कळते.

आपण काय करायचे?

आपल्या गुणवत्ता तपासणीत 'आयडेंट' किंवा 'व्हॉट' चालवणारी एखादी स्क्रिप्ट असेल, तर ती आम्हाला आधी पाठवा. बहुधा तिथेच गाडी अडेल. यापुढे आवृत्तीची ओळख एकाच जागी मिळेल: बांधणीच्या वेळी गिटकडून घेतलेला क्रमांक लायब्ररीत एकदाच बसवला जाईल आणि तोच आवृत्तीसोबतच्या कागदावर छापलेला असेल. नोंदवहीत नवे चेकसम चढवावे लागतील, त्यांची यादी सोबत देऊ. आधीच बसवलेल्या यंत्रांना काहीही करायचे नाही. चवथीच्या आठवड्यात आम्ही नवी आवृत्ती बसवत नाही, तेव्हा तारीख त्याआधीची किंवा नंतरची मागावी.