प्ले-ऑफ, इंग्लिश फुटबॉलमधील

इंग्लंडमध्ये सर्वोच्च प्रीमियर लीगच्या खाली क्रमाने येणाऱ्या चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू या तीन विभागांत साखळी सामने संपल्यावर वरच्या विभागात बढती मिळवण्यासाठी एकच जागा उरते. ती ठरवण्यासाठी जे बाद सामने खेळवले जातात ते प्ले-ऑफ. साखळी मे महिन्याच्या सुरुवातीला संपते, उपांत्य सामने काही दिवसांतच सुरू होतात आणि तिन्ही अंतिम सामने सहसा मेअखेरच्या बँक सुट्टीच्या सलग दिवसांत लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर होतात. २०२५ मध्ये चॅम्पियनशिपचा अंतिम सामना २४ मे रोजी, लीग वनचा २५ ला आणि लीग टूचा २६ ला झाला.

प्रत्येक विभागात २४ संघ असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला ४६ सामने येतात. २०२४-२५ च्या हंगामातील पद्धतीनुसार चॅम्पियनशिप व लीग वनमध्ये पहिल्या दोघांना थेट बढती मिळते आणि तिसरा ते सहावा हे चार संघ प्ले-ऑफ खेळतात. लीग टूमध्ये पहिले तीन थेट वर जातात आणि चौथा ते सातवा प्ले-ऑफला येतात. गुण सारखे झाले तर आधी गोलफरक (केलेले उणे खाल्लेले गोल) पाहतात, नंतर केलेले गोल. त्यामुळे ऑगस्टमध्ये खाल्लेले चार गोल मे महिन्यात वसूल होतात. २०१० पासून पुण्याच्या वेंकीज समूहाकडे असलेल्या ब्लॅकबर्न रोव्हर्सला याचा पुरता अनुभव आहे. २०२२-२३ मध्ये शेवटच्या दिवशी मिलवॉलच्या मैदानावर १-३ अशा पिछाडीवरून त्यांनी ४-३ असा विजय खेचून आणला. त्यांचे ६९ गुण झाले. पण संडरलंडचेही ६९ झाले होते. त्यांचा गोलफरक अधिक १३, ब्लॅकबर्नचा उणे २. संडरलंड सहावे, ब्लॅकबर्न सातवे.

या पद्धतीत उपांत्य फेरीत तिसऱ्याची गाठ सहाव्याशी आणि चौथ्याची पाचव्याशी पडते; लीग टूमध्ये चौथ्याची सातव्याशी आणि पाचव्याची सहाव्याशी. प्रत्येक जोडीचे दोन सामने होतात. पहिला खालच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर, दुसरा वरच्याच्या. दोन्हींतील गोलांची बेरीज करून निकाल लागतो. बेरीज सारखी असेल तर दुसऱ्या सामन्यातच ३० मिनिटांचा जादा वेळ आणि तरीही कोंडी फुटली नाही तर पेनल्टी शूटआऊट. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरील गोलांना इथे जादा मोल नाही. ते १९९९ पर्यंत होते. त्या वर्षी इप्सविच (तिसरे, ८६ गुण) आणि बोल्टन (सहावे, ७६ गुण) यांची बेरीज जादा वेळेनंतर ४-४ झाली आणि बोल्टन त्या नियमावर पुढे गेले. पुढच्या हंगामापासून नियम काढून टाकला.

तिसऱ्या क्रमांकाला मिळणारी सवलत एवढीच: दुसरा सामना घरच्या प्रेक्षकांपुढे. नऊ महिन्यांच्या कष्टाला हे फार थोडे आहे. शिवाय तिसरा संघ अनेकदा थेट बढती थोडक्यात हुकल्याच्या निराशेत उतरतो, तर सहावा शेवटच्या आठवड्यांत सामने जिंकत, चढत्या जोमाने येतो. २०२५ मध्ये चॅम्पियनशिपमध्ये तिसऱ्या आलेल्या शेफील्ड युनायटेडचे ९० गुण होते आणि चौथ्या आलेल्या संडरलंडचे ७६. अंतिम सामन्यात शेफील्ड १-० ने पुढे असताना हॅरिसन बरोजने चेंडू पुन्हा जाळ्यात धाडला. पण सहकारी ऑफसाइड जागी, गोलरक्षकाच्या नजरेआड येत होता म्हणून व्हीएआरने (चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची व्यवस्था) गोल नाकारला. चॅम्पियनशिपच्या साखळी सामन्यांत त्या हंगामात व्हीएआर नव्हते, अंतिम सामन्यात होते. ४६ सामने ज्या नियमयंत्रणेत खेळले ती शेवटच्या दिवशी बदलते, याची तयारी संघांना ठेवावीच लागते. ७६ व्या मिनिटाला एलिएझर मायेंडाने बरोबरी साधली, ९५ व्या मिनिटाला टॉम वॉटसनने विजयी गोल केला आणि १४ गुणांचे अंतर पुसले गेले.

पेनल्टीच्या क्षणी सगळे कसे उलटते हे १२ मे २०१३ रोजी वॉटफर्डमध्ये दिसले. चॅम्पियनशिपच्या उपांत्य फेरीत वॉटफर्ड आणि लेस्टर यांच्या दोन सामन्यांची बेरीज २-२ असताना, ९० मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत लेस्टरला पेनल्टी मिळाली. अँथनी नॉकर्टचा फटका मॅन्युएल अल्मुनियाने पायाने अडवला, परत आलेला चेंडूही त्याने रोखला. लेस्टरचे खेळाडू पुढे चढलेले होते, मागे मैदान मोकळे. चेंडू काही सेकंदांत दुसऱ्या टोकाला पोहोचला आणि वॉटफर्डच्या ट्रॉय डीनीने गोल केला. तरी वॉटफर्डची बढती हुकलीच: अंतिम सामन्यात पाचव्या क्रमांकावरच्या क्रिस्टल पॅलेसने त्यांना हरवले.

अशा लढतींचा पूर्वज जुना आहे. १८९३ ते १८९८ या काळात पहिल्या (तेव्हाच्या सर्वोच्च) विभागातील तळाचे आणि दुसऱ्यातील वरचे संघ एकमेकांशी खेळत. त्यांना ‘टेस्ट मॅच’ म्हणत, क्रिकेटशी त्यांचा संबंध नाही. १८९८ मध्ये स्टोक आणि बर्नली या दोघांचेही बरोबरीत भागत होते. सामना ०-० सुटला, गोल करण्याचा प्रयत्न कोणीच केला नाही असा बोभाटा झाला आणि पद्धत बंद पडली. आजचे प्ले-ऑफ डिसेंबर १९८५ मध्ये क्लबांत झालेल्या हीथ्रो करारातून आले. प्रेक्षक घटत होते, पहिला विभाग २२ वरून २० संघांवर आणायचा होता, आणि मधल्या संघांना मार्च-एप्रिलमध्ये खेळण्यासारखे काही उरत नसे. १९८७ पासून पहिली दोन वर्षे वरच्या विभागातला एक संघही यात असे. १९८८ मध्ये चेल्सी असेच मिडल्सब्रोकडून हरून खाली घसरले. अंतिम लढत आधी दोन सामन्यांची होती, १९९० पासून वेम्बलीवर एकच. त्याच वर्षी स्विंडन जिंकले, पण आर्थिक गैरव्यवहारामुळे त्यांची बढती रद्द झाली आणि हरलेले संडरलंड वर गेले. वेम्बलीची पुनर्बांधणी चालू असताना, २००१ ते २००६, अंतिम सामने कार्डिफला झाले.

चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्याला जगातला सर्वात महागडा फुटबॉल सामना म्हणतात. प्रीमियर लीगच्या प्रक्षेपणातील वाटा आणि लगेच खाली आल्यास मिळणारे पॅराशूट अनुदान धरून २०२४ मध्ये डेलॉइट या हिशेब व सल्लागार कंपनीने विजेत्याचा लाभ तीन हंगामांत किमान १४ कोटी पौंड काढला होता. पैसा येतो, पण वेळ नसतो. थेट बढती मिळालेले क्लब खेळाडूंशी बोलणी करत असतात तेव्हा प्ले-ऑफवाल्यांना आपण कोणत्या विभागात खेळणार हेच ठाऊक नसते. करार ३० जूनला संपतात, उसने घेतलेले खेळाडू परत जातात. २००७ चे विजेते डर्बी काउंटी पुढच्या हंगामात एकच सामना जिंकले आणि ११ गुणांवर थांबले. हडर्सफील्डने २०१७ मध्ये साखळीत उणे २ गोलफरकाने पाचवे येऊन, अंतिम सामन्यात रेडिंगला पेनल्टींवर हरवून बढती मिळवली आणि पुढच्या हंगामात प्रीमियर लीगमधले आपले स्थान राखले.