गाळातली लाल अळी आणि लाल गांडूळ

पुण्यात मुठेचं पाणी उतरलं की भिडे पुलाजवळ काठाचा काळा गाळ उघडा पडतो. त्यातला मूठभर पांढऱ्या ताटलीत घेऊन वर पाणी ओतायचं आणि गाळ बसेपर्यंत थांबायचं. लाल दोरे वळवळताना दिसले की बघणारा लगेच म्हणतो, "शी, अळ्या!" मत्स्यालयाच्या दुकानातही तोच घोळ. जिवंत मिळतं ते ट्युबिफेक्स, गोठवलेल्या वड्यांत मिळतं ते ब्लडवर्म, आणि गिऱ्हाइकाच्या लेखी दोन्ही 'वर्म'. खरं तर ट्युबिफेक्स गांडुळाच्या भावकीतलं आहे आणि ब्लडवर्म हे चक्क एका माशीचं पोर, म्हणजे कायरोनोमिडची अळी.

ओळखायचं तर आधी डोकं शोधा. कायरोनोमिडला तपकिरी, टणक डोकं असतं, त्यावर काळे डोळ्यांचे ठिपके, डोक्यामागे आखूड पायांची एक जोडी आणि शेपटाकडे दुसरी. साधं भिंगही पुरतं. ट्युबिफेक्सला ना डोकं वेगळं दिसतं, ना पाय. नुसता वळ्यावळ्यांचा दोरा. चालही निराळी. अळी पाण्यात इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे हिसके देत पोहते. ट्युबिफेक्स गाळात डोकं खुपसून राहतं आणि शेपूट वर काढून हलवतं, कारण श्वास शेपटाकडूनच चालतो. जवळ काठी आपटली की सगळा लाल गालिचा क्षणात आत गडप! गाळातून बाहेर काढलं तर एकमेकांत गुंतून त्यांचा गोळा होतो.

लाल रंग मात्र दोघांचा एकाच कारणाने: हिमोग्लोबिन. सांडपाण्यातले जिवाणू प्राणवायू खाऊन टाकतात, तेव्हा उरलेला थोडाथोडका धरून ठेवायला ते कामी येतं. म्हणूनच इतर जीव नाहीसे झाले तरी हे दोघे टिकतात.

इथेच लोक घाई करतात. लाल काही दिसलं की नदी मेली, असा निकाल. पाण्यात सापडणाऱ्या जीवांवरून नदीची प्रत ठरवायला ब्रिटनमध्ये बेतलेली बीएमडब्ल्यूपी नावाची गुणपद्धत आहे; जीव जितका कमी घाण सोसणारा, तितके गुण जास्त. तिच्यात गांडूळवर्गाला १ गुण आहे आणि कायरोनोमिड कुळाला २. स्वच्छ, खळाळत्या ओढ्यातल्या मेफ्लाय नावाच्या कीटकांच्या काही कुळांना १०. एका गुणाचा फरक किरकोळ वाटतो, पण कायरोनोमिड हे अवाढव्य कुळ आहे. त्यातल्या कितीतरी जाती पांढुरक्या किंवा हिरवट असतात आणि निवळ पाण्यात राहतात. सगळ्या अळ्या एकाच खात्यात टाकणं मला आळशीपणाच वाटतो. शिवाय कायरोनोमिडची माशी उडत येऊन अंडी घालते, त्यामुळे पुराने गाळ धुऊन नेला तरी ती लवकर परतते. ट्युबिफेक्सला पंख नाहीत, त्याचा सगळा जन्म त्याच गाळात. म्हणून ताटलीत बाकी काही नाही आणि नुसते ट्युबिफेक्सचे झुबकेच असतील, तर मी जास्त धास्तावतो. अळ्यांकडून आणखी एक खबर मिळते: गाळात जड धातू किंवा तशी विषं असतील तर त्यांच्या तोंडाचे दात वेडेवाकडे होतात. ते बघायला सूक्ष्मदर्शक हवा.

(फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडीकडच्या नदीवर 'डासांचं वादळ' म्हणून व्हिडिओ फिरला होता. संध्याकाळी पाण्यावर असा कीटकांचा खांब दिसला की मी आधी डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या कायरोनोमिडवर संशय घेतो.)

ही ताटली घेऊन घाट उतरून कोकणातल्या खाडीवर गेलात तर मात्र हिशेब बदलतो. खारटपणा वाढत जातो तशा कीटकांच्या अळ्या विरळ होतात, आणि तिथल्या सडक्या गाळात केपिटेला नावाचा समुद्री वळ्यांचा कृमी भेटतो: बारीक, लाल, पहिल्या नजरेला हुबेहूब ट्युबिफेक्स. तो वाढला तर गाळात सेंद्रिय घाण साचल्याचा संशय रास्त. पण भरती-ओहोटी आणि चढ-उतार होणारा खारटपणा यांमुळे खाडीत मुळातच मोजके, सोशिक जीव टिकतात. म्हणजे जाती कमी आणि सोशिक जास्त, हे चित्र निरोगी खाडीचंही असू शकतं आणि सांडपाण्याने नासलेल्या खाडीचंही. तिथे मुठेसारख्या गोड्या पाण्याच्या नदीचे गुण लावून चालत नाही. तितक्याच खारट, पण सांडपाणी न येणाऱ्या दुसऱ्या खाडीतला गाळ शेजारी ठेवून मोजावं लागतं.