रजा साठवली म्हणजे पैसे साठले?

"रजा कशाला घालवतोस? रिटायर होताना पैसे मिळतात." सरकारी कार्यालयांत नव्या माणसाला हा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे.

हिशेब मांडू. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला वर्षाला 30 दिवस अर्जित रजा (नोकरी करताना खात्यात जमा होणारी भरपगारी रजा) मिळते (शाळा-कॉलेजांसारखे दीर्घ सुट्टीचे विभाग वेगळे). 30 वर्षांच्या नोकरीत 900 दिवस. निवृत्तीला रोखीकरण, म्हणजे शिल्लक रजेचे पैसे, मात्र जास्तीत जास्त 300 दिवसांचं. उरलेले 600 दिवस घेतले नाहीत तर बुडालेच. म्हणजे पूर्ण 300 दिवसांचे पैसे घेऊनही दरवर्षी 20 दिवस रजा सहज घेता येते!

आणि शरीराचं काय? हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या 12 हजारांहून अधिक अमेरिकी पुरुषांवर 9 वर्षं लक्ष ठेवलेला अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. दरवर्षी सुट्टी घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. सुट्टीमुळेच असं झालं, हे यातून सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

सुट्टीची तरतरी कामावर परतल्यावर काही आठवड्यांतच ओसरते. त्यामुळे मला तरी दिवाळीत, मे महिन्यात आणि मध्ये एकदा, अशी वाटून घेतलेली रजा जास्त पटते.