मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे अध्ययन

समाजशास्त्राचा भारतातील पहिला स्वतंत्र विद्यापीठीय विभाग १९१९ साली मुंबईत स्थापन झाला. त्याच्या नावात आरंभी नागरिकशास्त्राचाही समावेश होता आणि पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार त्याचे पहिले प्रमुख होते. शहर समजून घ्यायचे तर आधी त्याची प्रत्यक्ष पाहणी झाली पाहिजे, हा गेडिस यांचा आग्रह होता.

१९२४ मध्ये विभागाची सूत्रे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली व १९५९ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. मुळात संस्कृतचे अभ्यासक असलेल्या घुर्ये यांनी केंब्रिज येथे रिव्हर्स व हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली मानवशास्त्राचे शिक्षण घेतले होते. त्यामुळे धर्मग्रंथ, जनगणनेचे अहवाल आणि जातींच्या चालीरीती यांची सांगड घालणारी एक पद्धत मुंबईत रुजली. जात व वंश यांवरील त्यांचा १९३२ चा ग्रंथ आजही वाचला जातो. आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ ठरवणारी त्यांची भूमिका मात्र मानवशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांच्याशी झालेल्या वादापासून टीकेचा विषय ठरली आहे, आणि ती टीका निराधार म्हणता येत नाही. घुर्ये स्वतः ग्रंथालयात रमणारे असले, तरी विद्यार्थ्यांना त्यांनी निरनिराळ्या प्रदेशांतील जाती-जमातींच्या अभ्यासास लावले. त्यांपैकी इरावती कर्वे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आपले कार्य केले. म्हैसूरहून आलेले एम. एन. श्रीनिवास यांनी पुढे बडोदे (१९५१) व दिल्ली (१९५९) येथील विभाग उभारले. तर मार्क्सवादी अ. र. देसाई मुंबईतच राहून गुरूंपेक्षा अगदी वेगळ्या वाटेने गेले. १९५१ साली स्थापन झालेली इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी हीसुद्धा घुर्ये यांच्याच पुढाकाराचे फळ होय.

कला शाखेच्या पदवीला हा विषय प्रमुख म्हणून घेणाऱ्यास, नव्या शैक्षणिक धोरणापूर्वीच्या रचनेत, पहिल्या वर्षी एक व दुसऱ्या वर्षी दोन पेपर असत. तिसऱ्या वर्षी सहाही पेपर समाजशास्त्राचे घेता येत किंवा दुसऱ्या विषयाशी तीन-तीन अशी वाटणी करता येई. आता ‘मेजर’ (मुख्य) आणि ‘मायनर’ (दुय्यम) अशी श्रेयांकांवर (क्रेडिट) आधारलेली विभागणी आली असून पदवीचे चौथे वर्षही खुले झाले आहे. कॉम्त, मार्क्स, दुर्खीम व वेबर या पाश्चात्त्य विचारवंतांपासून सुरू होणारा अभ्यास जात, कुटुंब, लिंगभाव, श्रम, शहर आणि विकास या विषयांपर्यंत येतो. फुले व आंबेडकर यांना, विशेषतः आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधाला, पाठ्यक्रमात आज जे स्थान आहे, ते फार पूर्वीच मिळायला हवे होते.

संशोधनपद्धती हा या अभ्यासक्रमाचा सर्वांत मोलाचा आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. प्रश्नावली, मुलाखत व सहभागी निरीक्षण यांची लक्षणे विद्यार्थी पाठ करतो. पण सहभागी निरीक्षण म्हणजे काय, हे श्रीनिवास यांच्या उदाहरणावरून अधिक नेमके कळते. १९४८ मध्ये ते म्हैसूरजवळच्या रामपुरा या गावी (हे त्यांनीच दिलेले काल्पनिक नाव) जाऊन राहिले. १९७० साली स्टॅनफर्ड येथील जाळपोळीत त्यांची मांडणी करून तयार केलेली टिपणे नष्ट झाल्यावर त्यांनी त्या गावाविषयीचे पुस्तक मुख्यतः आठवणींच्या आधारे लिहिले आणि ते १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या विद्यार्थ्याला यासाठी दूरही जावे लागत नाही. १९८२ च्या संपानंतर बदललेले गिरणगाव, धारावीतील लघुउद्योग किंवा चाळींचा पुनर्विकास हे सगळे लोकलच्या एका तिकिटाच्या अंतरावर असते. तरीही पदवीच्या पातळीवर या क्षेत्रकार्याला मिळणारा वेळ तुटपुंजाच असतो.

मराठीतून उत्तरपत्रिका लिहिण्याची मुभा असली, तरी मूळ ग्रंथांची मराठी भाषांतरे थोडी असल्याने अनेकांची भिस्त परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांवर (गाइड) राहते. कर्वे यांनी मात्र गंभीर समाजशास्त्रीय लेखन मराठीतही केले.

पदवीनंतर एम.ए., अध्यापनासाठी नेट किंवा सेट, तसेच सर्वेक्षण संस्था, पत्रकारिता आणि स्वयंसेवी संस्था असे मार्ग आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत प्रत्येकी २५० गुणांच्या दोन पेपरांचा वैकल्पिक विषय म्हणूनही समाजशास्त्र निवडता येते. समाजकार्य ही वेगळी व्यावसायिक शाखा असून तिचे शिक्षण मुंबईत १९३६ साली सुरू झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेत मिळते. प्रवेश घेताना या दोन विषयांची गल्लत पुष्कळदा होते.