बग आहे की मुळातच खोट आहे? नवीन लाँच झालेली वस्तू घेतल्यावरचा नेहमीचा घोळ

माझ्या मावसभावाने दिवाळीच्या सेलमध्ये नुकताच लाँच झालेला फोन घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, मुद्दा तो नाहीये. दोन दिवसांत दोन तक्रारी निघाल्या. एक म्हणजे फोटो काढून लगेच गॅलरीत गेलं की फोन चार-पाच सेकंद हँग व्हायचा, आणि दुसरी, आवाज फुल्ल केला की खालच्या स्पीकरमधून घर्रर्र यायचं, पत्र्यावर वाळू सांडल्यासारखं. दुकानात फोन लावला तर पलीकडून एकच उत्तर, "नवीन मॉडेल आहे सर, अपडेट येईल, सगळं जाईल." तीन आठवड्यांनी खरंच अपडेट आलं, गॅलरी लोण्यासारखी चालायला लागली, पण घर्रर्र आहे तिथेच, आणि तोपर्यंत पीस बदलून घ्यायचे सात दिवस कधीच उलटून गेले होते.

लोक नेमकं इथेच फसतात. बग म्हणजे प्रोग्राममधली चूक, ती कंपनी तिकडे बसून दुरुस्त करू शकते आणि ती दुरुस्ती रात्री वायफायवरून तुमच्या फोनमध्ये येते. खोट म्हणजे वस्तूतच, तिच्या बांधणीत, पार्टमध्ये, बॅटरीत. ती वायफायवरून कशी जाणार? वापरताना मात्र दोन्ही सेमच दिसतात कारण आपल्याला फक्त त्रास दिसतो, फोन तापतो, रेंज जाते, टच चुकतो, आणि आतमध्ये कोण गुन्हेगार आहे ते बाहेरून कळत नाही.

तापण्याचंच घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ प्रो आला आणि पहिल्याच आठवड्यात फोन चटका देतोय म्हणून बोंब झाली. बऱ्याच जणांनी टायटॅनियमच्या फ्रेमवर खापर फोडलं. अ‍ॅपलने सांगितलं की फ्रेमचा संबंध नाही, आयओएस १७ मधला एक बग आहे आणि काही अ‍ॅप्सही प्रोसेसरला नको तेवढं राबवतायत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला १७.०.३ अपडेट आलं आणि ती बोंब बऱ्यापैकी थंडावली. हा झाला बग.

आता गॅलेक्सी नोट ७, ऑगस्ट २०१६. तोही तापायचा, पण तापून पेटायचा. सॅमसंगने सप्टेंबरमध्ये फोन परत मागवले, दुसऱ्या सप्लायरची बॅटरी असलेले बदलून दिले तर तेही पेटले, आणि ऑक्टोबरमध्ये मॉडेलच बंद केलं. नंतरच्या तपासात निघालं की दोन सप्लायरच्या बॅटऱ्यांमध्ये दोन वेगवेगळ्या खोटी होत्या. मधल्या काळात काही देशांत अपडेटही पाठवलं होतं, कशासाठी, तर चार्जिंग ६० टक्क्यांवर थांबावं म्हणून! अपडेटने बॅटरी सुधारली नाही, फक्त तिला कमी जेवायला घातलं. ही खूण लक्षात ठेवा, अपडेटनंतर त्रास कमी झाला पण सोबत ब्राइटनेस, स्पीड किंवा बॅटरी बॅकअप पण कमी झाला, तर खोट गेलेली नाही, झाकलीये.

आणि कधीकधी कंपनी स्वतःच एकाला दुसऱ्याचा मुखवटा घालते. २०१० चा आयफोन ४ आठवतोय का? बाहेरची स्टीलची पट्टी हाच अँटेना, आणि डाव्या बाजूला खाली जिथे फट होती तिथे हात टेकला की रेंज पडायची. कंपनी आधी म्हणाली, रेंजच्या दांड्या दाखवायचं गणितच चुकलंय, आम्ही ते सुधारतो. सुधारलं. म्हणजे दांड्या खऱ्या दिसायला लागल्या, रेंज होती तेवढीच. शेवटी जुलैमध्ये सगळ्यांना फुकट कव्हर वाटायची वेळ आली, हात आणि पट्टीच्या मध्ये रबर.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर ओलाची एस१ स्कूटर. १५ ऑगस्ट २०२१ ला गाजावाजा करून आणली, क्रूझ कंट्रोल वगैरे नंतर अपडेटने देऊ म्हणाले, आणि ते २०२२ मध्ये मूव्हओएस २ या स्कूटरच्या सॉफ्टवेअरमधून आलं सुद्धा. उशिरा, पण आलं. पुढच्या चाकाचा फोर्क, म्हणजे चाक धरून ठेवणारा दांडा, तुटल्याचे फोटो मात्र जेव्हा फिरायला लागले तेव्हा अपडेट कामाचं नव्हतं. कंपनीचं म्हणणं होतं की डिझाइन सेफच आहे, पण मार्च २०२३ मध्ये फोर्क मोफत बदलून देऊ असं जाहीर करावं लागलं. एकच गाडी, दोन्ही प्रकार.

मग घरच्या घरी ओळखायचं कसं? स्क्रीनवर रेघ किंवा डाग दिसतोय तर स्क्रीनशॉट काढा आणि दुसऱ्या फोनवर पाठवून बघा. तिथेही रेघ दिसली तर सॉफ्टवेअर, स्वच्छ दिसला तर पॅनल गेलं, विषय संपला. काही फोनच्या स्क्रीनवर हिरवी रेघ अपडेटच्या दुसऱ्या दिवशी येते म्हणून लोक अपडेटला शिव्या घालतात, पण स्क्रीनशॉटमध्ये ती सहसा नसतेच. आवाज फाटतोय तर तेच गाणं हेडफोनवर ऐका, तिथे साफ असेल तर स्पीकरच संशयित. अँड्रॉइडवर टच चुकत असेल तर सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन या लपलेल्या मेनूत पॉइंटर लोकेशन (बोट फिरेल तिथे स्क्रीनवर रेघ दाखवणारी सोय) चालू करून बोटाने आडव्या-उभ्या रेघा मारा, रेघ दरवेळी त्याच जागी तुटली तर काच. तापणं, हँग होणं याला सेफ मोड, कारण त्यात तुम्ही टाकलेली अ‍ॅप्स बंद असतात, मग एकदा रीसेट. रीसेटनंतर एकही अ‍ॅप न टाकता तोच त्रास असेल तर दुकानातला डेमो पीस हातात घेऊन बघा. त्याला नसेल तर बहुतेक तुमचाच पीस फॉल्टी आहे, त्यालाही असेल तर सगळ्या मॉडेलचाच प्रश्न, मग तो बग असो नाहीतर डिझाइन.

हे सगळं करायचं ते पहिल्या दोन दिवसांत. अपडेटची वाट बघा हे ज्याला सात दिवस काढायचेत तो सांगणारच, त्याचं काय जातंय. सर्व्हिस सेंटरला जा, जॉबशीट म्हणजे तक्रारीची लेखी पावती घ्या, आणि पीस खरंच फॉल्टी निघाला तर डीओए लेटर (डेड ऑन अरायव्हल, म्हणजे पीस मुळातच बिघडलेला आला असं लेखी पत्र) मागा, तोंडी "बघतो" वर येऊ नका.

मावसभाऊ हेडफोनची टेस्ट माझ्याकडे आला तेव्हा करून बसला, म्हणजे सव्वा महिन्याने. हेडफोनवर गाणं एकदम क्लीन. सर्व्हिस सेंटरवाल्याने पिनने जाळी साफ केली, काही फरक नाही, मग स्पीकर मागवतो म्हणाला. वॉरंटीत आहे म्हणून पैसे लागणार नाहीत, पण नवीन मॉडेल असल्यामुळे पार्टच अजून आलेला नाहीये.