भाषाद्वीप

भाषाद्वीप : दुसऱ्या भाषेच्या मुलखाने चोहोबाजूंनी वेढलेली, तरी आपली वेगळी भाषा पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलेली वस्ती. स्थलांतर, संपर्कभाषा, द्वैभाषिकता, भाषापालट (आपली भाषा सोडून दुसरी स्वीकारणे) या मानवी भूगोलातल्या संकल्पना एरवी सुट्या सुट्या शिकवल्या जातात. भाषाद्वीपात त्या एकाच समाजात एकमेकींत गुंतलेल्या दिसतात.

ही संकल्पना एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासकांनी रूढ केली. पूर्व युरोपात विखुरलेल्या जर्मन वस्त्या त्यांच्यासमोर होत्या. आजच्या रुमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियात बाराव्या शतकात हंगेरीच्या राजाने वसवलेले ‘सॅक्सन’ हे त्याचे ठळक उदाहरण. त्यांची बोली लक्झेंबर्गकडच्या बोलींशी नाते राखून होती. १९८९ नंतर त्यांतले बहुतेक जर्मनीला गेले.

बेट दोन तऱ्हांनी बनते. बाहेरून आलेले लोक परमुलखात वस्ती करतात, किंवा एखादी भाषा आजूबाजूने मागे हटत जाते आणि मधला तुकडा तेवढा शिल्लक राहतो. बलुचिस्तानातली ब्राहुई ही द्राविड भाषा यांतली कोणती, याबद्दल अभ्यासकांत अजून वाद आहे. नकाशावर दोन्ही बेटे सारखीच दिसतात. इतिहास नकाशात उतरत नाही. भाषाद्वीप आणि ‘एकाकी भाषा’ यांची गल्लतही नेहमी होते. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला बोलली जाणारी निहाली ही एकाकी भाषा आहे, कारण तिचे कोणत्याच भाषाकुळाशी नाते सिद्ध झालेले नाही. ही बाब कुळाची, भाषाद्वीप ही बाब जागेची.

मराठीचे सर्वांत अभ्यासण्याजोगे बेट तंजावरचे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतले आणि तिथे भोसल्यांची गादी १८५५ पर्यंत टिकली. राजांबरोबर कारकून, शास्त्री, कीर्तनकार, सैनिक गेले. दप्तर मोडीत लिहिले जाई, दरबारात मराठी नाटके रचली जात. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर राजराज चोळाचे तमिळ लेख आहेत. त्याच मंदिराच्या आवारात सरफोजी दुसरे यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा भला मोठा मराठी शिलालेख कोरून घेतला. तो वाचू शकणारी माणसे आसपास पुरेशी आहेत, हे त्यात गृहीत धरलेले दिसते.

१७९९ च्या तहाने प्रत्यक्ष कारभार इंग्रजांकडे गेला, पुढे गादीही खालसा झाली. तेव्हापासून मराठीचे दप्तरातले काम सुटत गेले आणि ती घरापुरती उरली. शिक्षण इंग्रजीत, बाजार तमिळमध्ये. कुंभकोणमला तंजावरी मराठी कुटुंबात जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोर आणि इंदूरनंतर बडोद्याचे दिवाण झाले, म्हणजे पुन्हा मराठी दरबारातच पोचले. पण अशी वाट थोड्यांनाच मिळाली. घरातल्या मराठीत तमिळ शब्द शिरले, उच्चारांवर तमिळ वळण आले. स्वयंपाकघरात ही सरमिसळ अजून चाखता येते. डांगर पचडीत भाजलेल्या उडदाचे पीठ दह्यात कालवतात : डांगर आपल्याकडचे, पचडी दक्षिणेची. तूरडाळ आणि वाटलेला मसाला घालून केलेली रसवांगी तर तमिळ घरांनीही आपलीशी केली आहे. पदार्थ शेजाऱ्यांकडे गेला, भाषा गेली नाही. सांस्कृतिक प्रसरणात सगळे घटक एकाच वेगाने पसरत नाहीत, ते असे.

राज्य गेले म्हणून बेट बुडतेच असे नाही. मदुराईतले सौराष्ट्री भाषक मुळात रेशीम विणणारे. त्यांच्यामागे राज्य कधीच नव्हते. एकत्र वस्ती, जातीतच लग्ने आणि माग यांवर त्यांची भाषा तगली. जनगणनेत ती गुजरातीच्या खात्यात मोजली जाते, हा वर्गीकरणाचा भाग झाला. उलट मॉरिशसमध्ये कोकणातून गेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या वंशजांच्या घरात क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचवर आधारलेली मिश्र बोली, आली, मराठी शाळेत आणि सणांत राहिली. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. अंतर हे भाषा टिकण्या-न टिकण्याचे कारण म्हणून फार वेळा पुढे केले जाते. खरे महत्त्व त्या भाषेवाचून अडणारे एखादे रोजचे काम शिल्लक आहे का, याला द्यायला हवे.

प्रशासनाला भाषाद्वीप नेहमी अडचणीचे वाटते. आंध्र आणि मद्रास या राज्यांची हद्द ठरवताना मध्यस्थ ह. वि. पाटसकरांनी गाव हा घटक, भाषिक बहुमत आणि भौगोलिक सलगता हे निकष लावले. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातही महाराष्ट्र याच सूत्राचा आधार घेतो. सीमेला लागून असलेल्या गावांना ते उपयोगी पडते. बेटाची मात्र व्याख्याच सलगतेच्या अभावावर उभी आहे, त्यामुळे या सूत्रातून त्याच्या हाती काही लागत नाही. उरतो तो संविधानाचा अनुच्छेद ३५०-अ. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेल्या या अनुच्छेदानुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करायचा आहे. एका जागी दाटीने राहणाऱ्यांना त्याचा लाभ मागता येतो. शहरभर पांगलेल्या कुटुंबांची मुले एका वर्गापुरतीही एकत्र येणे अवघड.